वाळपईचा पाऊस आणि सॉकेटमधले बाइट

समजा, वाळपई, साखळी आणि सांगे इथला रोजचा पाऊस पणजीतल्या एका लॅपटॉपवर गोळा करायचा आहे. त्यासाठी तयार सॉफ्टवेअर न शोधता सी भाषेत स्वतःचा छोटा सर्व्हर लिहून बघा, असं संगणक शिकणाऱ्या प्रत्येकाला मी आग्रहानं सांगेन. शंभरेक ओळींत काम भागतं, आणि नेटवर्कच्या पोटात काय चालतं ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

दोन प्रोग्राममधल्या जोडणीच्या टोकाला सॉकेट म्हणतात. सॉकेटची ही पद्धत १९८३ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून बीएसडी युनिक्स या कार्यप्रणालीच्या ४.२ आवृत्तीबरोबर बाहेर पडली. आज लिनक्सवरही तीच फंक्शन्स वापरतात. सॉकेट() बोलावलं की कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, त्या सॉकेटची ओळख म्हणून एक आकडा हाती देतो. ०, १, २ हे आकडे कीबोर्ड आणि पडद्यासाठी आधीच अडवलेले असल्यानं आपल्या वाट्याला बहुधा ३ येतो. बाइंड() त्याला पोर्ट, म्हणजे जोडणी कुठे यायची तो क्रमांक, जोडतं, लिसन() त्याला ऐकायला बसवतं आणि ॲक्सेप्ट()वर प्रोग्राम थांबून राहतो. वाळपईहून जोडणी आली की ॲक्सेप्ट() नवा आकडा देतं: ४. बोलणं सगळं ४ वर. ३ फक्त पुढच्याची वाट बघतो.

पोर्ट देताना एचटॉन्स() विसरू नका; ते क्रमांकाचे दोन बाइट नेटवर्कच्या क्रमानं लावतं. इंटेलचे प्रोसेसर ते उलट्या क्रमानं ठेवतात. एचटॉन्स() न लावता ८०८० मागितलं, तर सर्व्हर ३६८९५ वर जाऊन बसतो आणि तक्रारही करत नाही.

खरी मेख पुढे आहे. वाळपईहून ‘वाळपई ११२’ अशी ओळ निघाली. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आकडेसुद्धा. मधली मोकळी जागा आणि शेवटचं ओळ-चिन्ह धरून हे २६ बाइट झाले. टीसीपी हा जोडणीचा नियमसंच ते क्रमानं पोचवतो, पण बाइट वाचणाऱ्या एका रीड()मध्ये सगळे येतील याची हमी देत नाही. कधी २२ च येतात, आणि तुमच्या नोंदीत पाऊस ११ मिलिमीटर पडतो! कधी दोन ओळी चिकटून येतात, कधी अक्षर मधोमध तुटतं. इतकी छोटी ओळ बहुतेक वेळा अखंड येते, म्हणूनच ही चूक चाचणीत सापडत नाही आणि ऐन जुलैत उपटते.

उपाय साधा आहे. आलेले बाइट बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, साठवत राहायचे आणि ओळ-चिन्ह दिसेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्याच्या पुढचे बाइट पुढच्या ओळीसाठी राखून ठेवायचे. ओळ-चिन्हाचा बाइट १० असतो, आणि देवनागरी चिन्हांचे सगळे बाइट १२८ किंवा त्याहून मोठे. त्यामुळे इथे कापलं तर अक्षर कधीच तुटत नाही. यूटीएफ-८ची ही रचना मला फार देखणी वाटते. सी भाषेत मजकूर कुठे संपतो ते शून्य बाइटवरून कळतं; रीड() मजकुराच्या शेवटी असं शून्य लावत नाही, ते आपणच लावायचं.

रीड()नं ० दिलं, तर पलीकडच्यानं जोडणी नीट बंद केली असं समजावं. पण पावसात वाळपईची वीज गेली, तर ० सुद्धा येत नाही. रीड() वाट बघत बसतं आणि एकाच धाग्यावर, म्हणजे एका वेळी एकच काम करत, चालणाऱ्या सर्व्हरमध्ये साखळीचा आकडा मागे अडकतो. म्हणून सेटसॉकऑप्ट() वापरून ४ नंबरच्या सॉकेटला तीसेक सेकंदांची मुदत घाला. ती संपली की तो सॉकेट क्लोज() करून पुन्हा ॲक्सेप्ट()कडे वळा.