दादाभाई नौरोजी रोड (डी. एन. रोड), फोर्ट, मुंबई

डी. एन. रोड हा दक्षिण मुंबईतल्या फोर्टचा मुख्य रस्ता, क्रॉफर्ड मार्केटपासून निघतो, सीएसएमटी स्टेशनसमोरून जातो आणि हुतात्मा चौकाला येऊन संपतो. पूर्ण नाव डॉ. दादाभाई नौरोजी रोड, जुनं नाव हॉर्नबी रोड. दोन्ही बाजूंना बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या आणि विसाव्याच्या सुरुवातीच्या दगडी बिल्डिंगी, आणि त्यांच्या तळमजल्यातून जाणारा कमानींचा फुटपाथ, ही याची खरी ओळख. ब्रिटिश काळातला एवढा गजबजलेला रस्ता तिथली दुकानं, ऑफिसं, फेरीवाले न हलवता जपता येतो हे मुंबईत पहिल्यांदा इथेच नीट करून दाखवलं गेलं, म्हणून मला तरी हा रस्ता एकेकट्या सुंदर बिल्डिंगपेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

नाव

विल्यम हॉर्नबी हा १७७१ ते १७८४ मुंबईचा गव्हर्नर, महालक्ष्मी आणि वरळीच्या मधून आत शिरणारं समुद्राचं पाणी अडवणारा बांध याच्याच नावाने ओळखला जायचा. स्वातंत्र्यानंतरच्या काळात रस्त्याला दादाभाईंचं नाव आलं. दादाभाई एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये प्रोफेसर होते, तीन वेळा काँग्रेसचे अध्यक्ष झाले, १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीमधून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले, पण त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे हिंदुस्थानातला पैसा दरवर्षी इंग्लंडकडे कसा वाहून जातो त्याचा हिशोब त्यांनी आकड्यांनिशी मांडला. आणि ज्या रस्त्यावर एकेकाळी साहेबांची सगळ्यात भपकेबाज दुकानं होती त्याच रस्त्याला त्या हिशोब मांडणाऱ्या माणसाचं नाव आहे, हे मनात ठेवून चाललं की इथल्या दगडांकडे बघायची नजर बदलते. रस्त्याच्या दक्षिण टोकाला त्यांचा पुतळा आहे.

कोट पडला आणि रस्ता मोठा झाला

आमच्या घरातली जुनी माणसं फोर्टला जाताना 'कोटात जातोय' म्हणायची, कोट म्हणजे कंपनी सरकारचा किल्ला, ज्याला अपोलो गेट, चर्चगेट आणि बझारगेट असे तीन दरवाजे होते. आत गर्दी, अरुंद गल्ल्या, आणि १८०३ च्या मोठ्या आगीत आतला बराच भाग जळाला होता. पुढे १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला, मँचेस्टरच्या गिरण्यांना मुंबईचा कापूस लागायला लागला, शहरात पैसा धो धो आला, आणि त्याच सुमाराला गव्हर्नर बार्टल फ्रिअरने तटबंदी पाडायला घेतली. भिंती गेल्या, जागा मोकळी झाली आणि किल्ल्यातला जुना रस्ता हळूहळू रुंद होऊन शहराचा मुख्य रस्ता झाला. १८७४ पासून मुंबईत घोड्यांच्या ट्राम धावायला लागल्या, १९०७ ला विजेच्या आल्या, त्या १९६४ ला बंद झाल्या. २०१७ मध्ये हुतात्मा चौकातल्या फ्लोरा फाउंटन कारंज्याभोवती खणताना जुन्या ट्रामचे रूळ जमिनीखाली सापडले होते, इतकी वर्षं आपण त्यांच्यावरूनच चालत होतो.

कमानी

या रस्त्यावर प्रत्येक मालकाने आपल्या ऐपतीप्रमाणे आणि आवडीप्रमाणे बांधलं. कुणी गॉथिक टोकदार कमानी केल्या, कुणी ग्रीक पद्धतीचे खांब, कुणी घुमट आणि नक्षीदार जाळ्या. तरी सगळा रस्ता एका घरातला वाटतो, कारण १८९६ च्या सरकारी नियमाने तळमजल्यावर लोकांना चालायला कमानींचा छपराखालचा रस्ता सोडायला लावला. म्हणजे जागा मालकाची, वरती मजले त्याचे, पण खालून जाणार कोणीही. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो, सौंदर्यासाठी मालकाला काही सांगितलं नाही, फक्त चालणाऱ्याची सोय बघ म्हणून सांगितलं आणि त्यातून सौंदर्य आपोआप आलं.

याचा अर्थ कळायचा असेल तर जुलैमध्ये जा. मागच्या वर्षी मी आणि आत्या सबवेतून वर आलो आणि पाऊस असा कोसळला की समोरची बस दिसेना, कमानीखाली बेल्ट आणि पाकिटं विकणाऱ्या काकांनी त्यांचा माल प्लॅस्टिकखाली घेतला आणि म्हणाले, "ताई, आत सरका, मावशींना इथे खांबाला टेकून उभं राहू दे." आत्या ज्या खांबाला टेकली तो खालून माणसांच्या खांद्यांनी, पिशव्यांनी घासून घासून गुळगुळीत झालेला, डोक्याच्या उंचीपर्यंत तेलकट काळा, आणि त्याच्या वर हात पोचत नाही तिथपासून दगड मुळातला पिवळसर, पानांची नक्षी अजून धारदार. पावसाचं पाणी वरच्या कोरीव पट्टीवरून थेट रस्त्यात पडत होतं, भिंतीवर ओघळ येत नव्हता. छज्जाची पट्टी म्हणजे नुसती नक्षी नव्हे, पाणी भिंतीपासून लांब टाकायला ती असते हे मला त्या वीस मिनिटांत समजलं.

दगड इथले तीन-चार जातीचे. कुर्ला आणि मालाडच्या खाणीतला पिवळट-मातकट, आपला नेहमीचा काळा-निळसर बसॉल्ट, आणि बारीक नक्षीसाठी गुजरातेतून जहाजाने आलेला पोरबंदर. पोरबंदर मऊ, कोरायला सोपा, पण म्हणूनच मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि धुरात लवकर झिजतो. यावर ऑइल पेंट मारला किंवा भेगा सिमेंटने बुजवल्या की आत शिरलेल्या ओलीला बाहेर यायला वाट राहत नाही आणि दगड पापुद्रे धरून सुटायला लागतो. जुन्या बांधकामाला चुनाच लागतो. हे काम करणारे कारागीर फार थोडे राहिलेत ही मला सगळ्यात मोठी काळजी वाटते.

पाट्यांचं काम

स्वातंत्र्यानंतर कायद्याने भाडं गोठलं, मालकाला मिळणाऱ्या भाड्यात गच्चीची गळती थांबवणंही परवडेना. पिंपळाची रोपं भेगांतून वाढली. भाडेकरूंनी गॅलऱ्या पत्र्याने बंद केल्या, एसीचे डबे लावले, आणि खाली प्रत्येक दुकानाने शेजाऱ्यापेक्षा मोठी पाटी लावायची म्हणून अख्ख्या कमानी झाकून टाकल्या. लोकांना वाटायचं या बिल्डिंगीत बघण्यासारखं काही नाही, अहो, दिसतच नव्हतं तर!

१९९५ साली मुंबईत वारसा वास्तूंसाठी नियम लागू झाले, देशात असे नियम करणारं हे पहिलं शहर. त्यानंतर नव्वदच्या दशकाच्या शेवटी एमएमआरडीए या मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाच्या मदतीने वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांनी या रस्त्याचा अभ्यास केला. त्यातली मोठी गोष्ट म्हणजे एखादी इमारत न निवडता आख्खा रस्ता घेतला आणि सुरुवात केली ती पाट्यांपासून. कमानीच्या आत बसेल एवढीच पाटी, खांब आणि कोरीवकाम मोकळं, इतका साधा नियम. पण दुकानदाराला पाटी लहान कर सांगणं म्हणजे गिऱ्हाईक सोड सांगण्यासारखं, त्यामुळे दुकानादुकानात जाऊन समजावणं हेच खरं काम होतं, आणि शेजारच्याची कमान मोकळी झाल्यावर कशी दिसते ते बघून पुढचा तयार व्हायचा. पुढे दुकानदार आणि तिथल्या ऑफिसवाल्यांनी मिळून हेरिटेज माईल असोसिएशन काढलं, रस्त्यावरचे दिवे, बाकडी, खांब यांचाही विचार झाला. युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत २००४ मध्ये या कामाची दखल घेतली गेली. आज काही ठिकाणी पुन्हा चकचकीत बोर्ड वर चढलेत हे खरं आहे आणि ते बघून वाईट वाटतं. एकदा करून सोडून द्यायचं हे काम नाही, दर नव्या भाडेकरूला पुन्हा सांगावं लागतं.

चालत जाताना

उत्तरेकडून निघावं. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आताची महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ ची, तिच्या दारावरची शेतकऱ्यांची शिल्पं जॉन लॉकवूड किपलिंगची, जो समोरच्याच जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचा. त्याच्या पुढे अंजुमन-ए-इस्लामची १८९३ ची शाळा. मग महापालिका आणि सीएसएमटी, दोन्ही इमारती एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या वास्तुरचनाकाराच्या. स्टेशनचं काम १८७८ ला सुरू होऊन दहा वर्षं चाललं, कोरीवकामात जे. जे. च्या विद्यार्थ्यांचा हात आहे, आणि २००४ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ बसलाय, सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. समोर कॅपिटॉल थिएटर, १८७९ साली नाटकाचं गेइटी म्हणून उघडलेलं.

इथून खाली गेलात की खऱ्या कमानी सुरू होतात. जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटची १८९८ ची इमारत नक्की बघा, वाचनालय त्याहून जुनं, १८५६ मध्ये सुरू झालेलं. वाच्छा अग्यारी, म्हणजे पारशांचं अग्निमंदिर, तिच्या दर्शनी भागावर माणसाच्या तोंडाचे पंखवाले बैल आहेत, पारशी नसलेल्यांना आत जाता येत नाही, बाहेरूनच बघायचं. व्हाइटअवे लेडलॉ हे साहेबांचं कपडालत्त्याचं मोठं दुकान होतं, त्या इमारतीत १९४६ साली खादी भांडार आलं. आणि तिथून जवळच बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ कॉलेज, सोसायटी १९४५ ची, कॉलेज १९४६ चं, आनंद भवन आणि बुद्ध भवन या दोन्ही बिल्डिंगी याच रस्त्यावर. हेरिटेज वॉकवाले बहुतेक वेळा गॉथिक आणि क्लासिकल सांगून पुढे जातात, पण इंग्रजांच्या मुख्य रस्त्यावर खादी आणि बाबासाहेबांचं कॉलेज येऊन बसतं ही गोष्ट माझ्या मते या रस्त्याच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची आहे, ती प्रत्येकाला सांगितली गेली पाहिजे.

शेवटी फ्लोरा फाउंटन, १८६४ चं, जुन्या चर्चगेट दरवाज्याच्या जागेवर. वर्षानुवर्षं त्यावर पांढरा रंग चढवत गेले होते, तो सगळा काढून, आतले पाण्याचे मार्ग दुरुस्त करून २०१९ च्या जानेवारीत ते पुन्हा सुरू केलं. शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक, मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. १९५५-५६ मध्ये याच चौकात आणि शहरभर गोळीबार झाले, त्यात गेलेल्यांची नावं इथे कोरलेली आहेत, दोन मिनिटं थांबून वाचावीत.

मेट्रो-३ चा बोगदा याच रस्त्याखालून गेलाय, त्यामुळे सीएसएमटी आणि हुतात्मा चौक अशी दोन्ही बाजूंना स्टेशनं आहेत. न थांबता चाललं तर अर्ध्या तासाच्या आत होतं, पण बघत बघत गेलात तर दोन-अडीच तास धरा. आठवड्यात सकाळी नऊ ते अकरा जाऊ नका, ऑफिसच्या घाईतल्या लोकांना आडवं आल्यासारखं होतं. रविवारी सकाळी साडेसातला जा, शटरं बंद असतात, पुढे मांडलेला माल नसतो, आणि पूर्वेकडच्या गल्ल्यांतून येणारं ऊन पश्चिमेच्या कमानींच्या आतपर्यंत पोचतं, तेव्हा खांबांवरची पानं एकेक करून मोजता येतात.