एका लिनक्सवर इतके पॅकेज मॅनेजर कुठून आले?

सुरुवातीच्या लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकायचे तर बहुधा सोर्सची टारबॉल (मूळ कोडची गठडी) उघडून कंपाइल करावी लागे, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवावा लागे. कोणती फाइल कुठे गेली याची नोंद राहत नसे, म्हणून काढताना हाल होत. डेबियन आणि रेड हॅट या डिस्ट्रोंच्या (लिनक्सच्या तयार संचांच्या) डीपीकेजी आणि आरपीएम या पॅकेज मॅनेजरांनी, म्हणजे सॉफ्टवेअर टाकणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रामांनी, १९९०च्या दशकाच्या मध्यात ही नोंद ठेवायला घेतली. डिपेंडन्सी, म्हणजे प्रोग्रामला लागणारी इतर पॅकेजेस, मात्र आपणच शोधायची. ते काम १९९९च्या डेबियन २.१ सोबत आलेल्या एपीटीने सोपे केले.

तिथेच दुसरा पेच होता. स्थिर डिस्ट्रो आवृत्त्या गोठवते आणि प्रोग्रामरला तर नवी लायब्ररी (तयार कोडचा संच) आजच हवी असते. म्हणून प्रत्येक भाषेने आपली वाट काढली: पर्लचे सीपॅन १९९५ पासून होतेच, पुढे रुबीजेम्स, २००८ मध्ये पायथॉनचे पिप, २०१० मध्ये एनपीएम. यातला कोणीही दुसऱ्याची नोंदवही वाचत नाही, आणि बहुतेक बिघाडांचे मूळ हेच आहे.

डेबियनवर ‘सुडो पिप इन्स्टॉल’ केले, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने पिप चालवला, की लायब्ररी ‘/यूएसआर/लोकल’खाली जाते आणि पायथॉन तिथे आधी बघतो. सिस्टमची पायथॉनमधली साधने मग जुन्याऐवजी नवी लायब्ररी उचलतात आणि कोलमडतात. एपीटीला विचाराल तर सगळे ठीकच दिसते, कारण त्याच्या फाइली जागच्या जागी असतात. पेप ६६८ या पायथॉनच्या प्रस्तावाने यावर उपाय दिला: २०२३च्या डेबियन १२पासून पिप सिस्टम पायथॉनला हात लावायला नकार देतो. तेव्हा वेन्व्ह (पायथॉनचे प्रकल्पापुरते वेगळे वातावरण) किंवा पिपएक्स (प्रत्येक प्रोग्रामला असे वातावरण देणारे साधन) वापरा; ‘ब्रेक सिस्टम पॅकेजेस’ हा पर्याय देऊन नकार ओलांडला, तर जुनीच आफत परत येते.

निक्स या पॅकेज मॅनेजरने २००३ पासूनच हद्दी वेगळ्या केल्या होत्या: प्रत्येक पॅकेज ‘/निक्स/स्टोअर’मधल्या स्वतंत्र फोल्डरमध्ये. फ्लॅटपॅक आणि स्नॅप हे डिस्ट्रोवर न अवलंबणारे पॅकेजप्रकार २०१६च्या आसपास डेस्कटॉपवर रुळू लागले. तेही बहुतेक लायब्ररी स्वतःच्या रनटाइममधून (सोबतच्या लायब्ररी-संचातून) घेतात. जागा जास्त लागते, पण टक्कर टळते.

आज्ञा नेमकी कुठून चालते हे ‘टाइप -ए’ने पाहावे, आणि ती फाइल कोणत्या पॅकेजची हे ‘डीपीकेजी -एस’ने (इथे मोठा एस). मालक सापडला नाही, तर ‘एपीटी अपग्रेड’ने तिला सुरक्षा दुरुस्ती बहुधा मिळणार नाही. स्नॅप आपोआप ताजे होते. फ्लॅटपॅक आणि वेन्व्हमधली पॅकेजेस मात्र त्यांच्या त्यांच्या आज्ञेने वेगळी अपडेट करावी लागतात.