त्रिशंकूसाठी विमान पकडू नका

'त्रिशंकू हा तारकासमूह पाहायचा तर दक्षिण गोलार्धातच जावं लागतं, आणि तिथलं आकाश कुठूनही काळंभोर दिसतं.' दोन्ही चूक.

त्रिशंकू मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास कोकणच्या किनाऱ्यावरूनही दक्षिण क्षितिजालगत दिसतो. ढग नसले म्हणजे झालं. सिडनीच्या दिव्यांतही तो दिसतो. तिथे हरवतात ते मॅजेलनचे मेघ, म्हणजे आपल्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका. खरं तर तिकीट काढायचं ते त्यांच्यासाठी.

न्यूझीलंडमधल्या टेकापो गावाभोवतीचा परिसर 2012 पासून डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेला प्रदेश, आहे. बाहेरच्या दिव्यांवर तिथे 1980च्या दशकापासूनच निर्बंध आहेत. अंधाराला डोळे सरावायला वीसेक मिनिटं द्या (मोबाइल खिशात!). मग कापसाच्या फाटक्या पुंजक्यांसारखे ते मेघ दिसतात, आणि त्रिशंकूला चिकटून आकाशगंगेत शाई सांडल्यासारखा काळा डाग. ती धूळ आहे, भोक नव्हे.

पण पौर्णिमेच्या आसपास गेलात तर टेकापोही फुकट. अमावास्या धरा. शिवाय डिसेंबरात तिथे रात्री अकरानंतरही संधिप्रकाश रेंगाळतो. जून-जुलैत थंडी कडाक्याची, पण रात्र लांबलचक.