नंबर तारेचा की फोनचा : ईपीएबीएक्स आणि आयपी-पीबीएक्स

कार्यालयासाठी टेलिफोन यंत्रणा घ्यायचे ठरले की दोन-तीन विक्रेत्यांकडून कोटेशने मागवली जातात. एकावर ‘ईपीएबीएक्स’ लिहिलेले असते, दुसऱ्यावर ‘आयपी-पीबीएक्स’. दोन्ही कार्यालयाची अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज, पहिली टेलिफोनच्या तारांवर आणि दुसरी संगणकाच्या नेटवर्कवर चालणारी. सुविधांची यादी दोन्हींवर जवळजवळ सारखीच असते: कॉल ट्रान्स्फर, कॉल पिकअप, कॉन्फरन्स, हंटिंग ग्रुप (एक फोन व्यस्त असेल तर कॉल पुढच्यावर जाणे), स्वागताचा रेकॉर्ड केलेला आवाज, कोणत्या एक्स्टेन्शनवरून, म्हणजे अंतर्गत नंबरवरून, किती वेळ बोलणे झाले याची नोंद. साहजिकच वस्तू एकच आहे, एक जुनी आणि एक नवी, असा खरेदी करणाऱ्याचा समज होतो. यादी वाचून हा समज दूर होणे शक्य नाही, कारण फरक सुविधांमध्ये नाहीच. एक्स्टेन्शन नंबर नेमका कशाला चिकटलेला असतो, या एका प्रश्नात तो आहे. ईपीएबीएक्समध्ये नंबर तारेच्या टोकाचा असतो आणि आयपी-पीबीएक्समध्ये तो फोनचा, खरे तर फोन वापरणाऱ्याच्या खात्याचा असतो. जागा बदलणे, वीज जाणे, दुरुस्ती, चोरी हे पुढचे सगळे प्रश्न याच एका गोष्टीतून निघतात.

ईपीएबीएक्सचा डबा उघडून पाहिला की हे लगेच पटते. आत एका चौकटीत कार्डे बसवलेली असतात. काही कार्डे बाहेरच्या लाइनींसाठी असतात, काही एक्स्टेन्शनसाठी, आणि प्रत्येक कार्डावर ठरावीक पोर्ट असतात. त्या पोर्टांमधून निघालेल्या तारा भिंतीवरच्या एमडीएफच्या, म्हणजे सगळ्या तारा एकत्र आणणाऱ्या, पेटीत येतात. तिथे क्रोन मॉड्यूलच्या (तारा जोडण्याच्या पट्टीच्या) दातांत पंचिंग टूलने एकेक पेअर, म्हणजे तारांची जोडी, दाबून बसवलेली असते: पांढरी-निळी पहिली, पांढरी-नारिंगी दुसरी, पांढरी-हिरवी तिसरी, पांढरी-तपकिरी चौथी, पांढरी-करडी पाचवी, मग तोच क्रम लाल रंगाबरोबर. चांगल्या माणसाने केलेली पेटी असेल तर झाकणाच्या आतल्या बाजूला प्रत्येक पेअरसमोर एक्स्टेन्शन नंबर आणि टेबलाची जागा पेन्सिलीने लिहिलेली सापडते. तो कागद म्हणजे त्या कार्यालयाचा नकाशाच असतो, आणि तो हरवला की पुढच्या प्रत्येक दुरुस्तीला टोन टेस्टर (तारेत सूर सोडून ती ओळखण्याचे यंत्र) घेऊन एकेक पेअर शोधत बसावे लागते.

या तारेवरून आवाजाबरोबर वीजही जाते. साध्या अ‍ॅनालॉग फोनला स्वतंत्र ॲडॅप्टर लागत नाही, कारण एक्स्चेंज, म्हणजे ईपीएबीएक्सचा डबा, त्याला त्याच दोन तारांवरून डीसी व्होल्टेज पुरवते. रिसीव्हर उचलला की दोन्ही तारांमधला मार्ग पूर्ण होतो आणि प्रवाह वाहू लागतो. त्यावरून अमुक पोर्टवरचा माणूस बोलू इच्छितो हे एक्स्चेंज ओळखते आणि डायल टोन देते. दाबलेला अंक ते सुरांवरून ओळखते: ‘१’ दाबल्यावर ६९७ आणि १२०९ हर्ट्झचे दोन सूर एकदम जातात. फ्लॅशचे बटण तोच मार्ग क्षणभर तोडते आणि मग कॉल ट्रान्स्फर करता येतो. रिंगसाठी त्याच तारांवर एसी व्होल्टेज सोडले जाते आणि ते इतके असते की उघडी पेअर हातात धरलेली असताना कॉल आला तर चांगलाच झटका बसतो. हे काम करणारा प्रत्येकजण तो कधी ना कधी अनुभवतो. एक्स्चेंजच्या दृष्टीने या व्यवहारात फोन ही जवळपास निर्जीव वस्तू आहे. तो बदलून दुसरा लावला तरी एक्स्चेंजला पत्ता लागत नाही, कारण ओळख पोर्टची आहे.

आयपी फोन याउलट स्वतःची ओळख स्वतः सांगतो. लॅनच्या, म्हणजे कार्यालयातल्या संगणकांच्या नेटवर्कच्या, केबलला जोडताच तो नेटवर्ककडून पत्ता मागून घेतो, सर्व्हरपर्यंत, म्हणजे आयपी-पीबीएक्सपर्यंत, पोहोचतो आणि ‘मी एक्स्टेन्शन २१४, हा माझा पासवर्ड’ अशा अर्थाचा संदेश पाठवतो. या संदेशांची भाषा म्हणजे एसआयपी. आज वापरात असलेले तिचे मुख्य मानक २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व्हर २१४ समोर फोनचा त्या वेळचा पत्ता लिहून ठेवतो आणि ही नोंद कायम राहावी म्हणून फोन ठरावीक काळाने पुन्हा हजेरी लावतो. कॉल आला की सर्व्हर ती नोंद पाहतो आणि त्या पत्त्यावर निरोप धाडतो. सर्व्हर म्हणून वेगळे यंत्र असावे लागते असेही नाही. १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर यांनी सुरू केलेले अ‍ॅस्टरिस्क हे मुक्त सॉफ्टवेअर साध्या संगणकावर चढवूनही अशी यंत्रणा उभी राहते. मोबाइलवरचे एखादे ॲप हाच संदेश पाठवू लागले की तेही एक्स्टेन्शन २१४ होते, मग तो मोबाइल कुठेही असो.

याचा पहिला अनुभव टेबले हलवताना येतो. माझ्या पाहण्यातील एका कार्यालयात लेखा विभाग दुसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर आला. तिथे ईपीएबीएक्स होती. आठ माणसे आपापले फोन काखेत मारून खाली आली, नव्या टेबलांवर लावले, आणि दोन दिवस त्यांच्या ग्राहकांचे कॉल वरच्या मजल्यावर येऊन बसलेल्या खरेदी विभागाकडे जात राहिले. फोन खाली आले होते, नंबर मात्र वरच्या तारांपाशीच राहिले होते. मग कोणीतरी एमडीएफवर जंपर (जोडतारा) बदलायचे किंवा प्रोग्रॅमिंगमध्ये पोर्टांचे नंबर आपसात फिरवायचे, एवढे दोनच मार्ग उरतात. दोन्ही सोपे आहेत, पण त्यासाठी जाणकार माणूस बोलवावा लागतो. आयपी फोन असते तर नेटवर्कचे पॉइंट आधी नीट केलेले असल्यास नंबर माणसांबरोबर खाली आले असते. जिथे वर्षातून तीनदा बैठकव्यवस्था बदलते तिथे या एका कारणासाठी आयपी-पीबीएक्स घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

विजेच्या बाबतीत पारडे फिरते. ईपीएबीएक्सच्या डब्याला एक चांगला यूपीएस दिला की तिच्यावरचे सगळे साधे फोन चालू राहतात, कारण त्यांची वीज डब्यातूनच जाते. आयपी फोनला वीज नेटवर्क स्विचकडून (सगळ्या लॅन केबली जिथे जोडतात त्या यंत्राकडून) त्याच केबलमधून मिळते; याला पीओई म्हणतात. २००३ च्या मूळ मानकानुसार स्विच प्रत्येक पोर्टवर १५.४ वॅटपर्यंत देऊ शकतो आणि साध्या फोनला त्याचा थोडाच भाग पुरतो. पण मजल्यामजल्यावरचे स्विच यूपीएसवर नसतील तर सर्व्हर रूममध्ये सगळे दिवे हिरवे असूनही टेबलावरचे फोन बंद पडतात. कोटेशनमध्ये स्विचचा यूपीएस बहुधा नसतो. तो मागून जोडला जातो आणि तेव्हा खर्चाचा अंदाज कोलमडतो.

बाहेरच्या लाइनीबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. तांब्याच्या लाइनीला टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजकडून वीज येत असे, म्हणून गावात अंधार असला तरी फोन चालत असे. आता बहुतेक ठिकाणी फायबर आले आहे. कार्यालयातल्या ओएनटीच्या, म्हणजे फायबर जिथे संपते त्या डब्याच्या, फोन पोर्टमधून निघणारी तार जुन्या ईपीएबीएक्सच्या ट्रंक (बाहेरच्या लाइनीच्या) पोर्टला जोडली जाते. ईपीएबीएक्सला ती जुनीच लाइन वाटते, पण ओएनटीची वीज गेली की ती लाइन डेड होते. म्हणजे ईपीएबीएक्स ठेवली तरी ओएनटीला यूपीएसवर घेणे आता भाग आहे.

मोठी कार्यालये पीआरआय, म्हणजे एकाच जोडणीवर अनेक संभाषणे नेणारी डिजिटल लाइन, घेत आली आहेत. तिच्यावर एका वेळी ३० संभाषणे होतात आणि एकतिसाव्याला एंगेज टोन मिळतो. आयपी-पीबीएक्सला सहसा एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेटवरून येणारी बाहेरची लाइन, जोडतात. तिथे मर्यादा ठरते ती करारातील चॅनेलच्या संख्येवर आणि इंटरनेटच्या क्षमतेवर. नेटवर्कवर आवाज लहान तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत, जातो. नेहमीच्या ६४ किलोबिटच्या आवाजाला पाकिटांचे वेष्टन धरून दर दिशेला साधारण ८५ ते ९० किलोबिट लागतात, म्हणजे ३० संभाषणांना पावणेतीन मेगाबिटच्या आत काम भागते. आजच्या जोडणीला हे काहीच नाही. अडचण पाकिटे वेळेवर पोहोचण्याची असते. दर सेकंदाला साधारण ५० पाकिटे एका लयीत जायला हवीत. शेजारच्या संगणकावरून मोठी फाइल चढत असेल तर ती लय बिघडते आणि आवाज तुटक येतो. म्हणून फोनसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधला स्वतंत्र कप्पा) आणि आवाजाला अग्रक्रम हे काम पहिल्या दिवशीच करून घ्यावे.

धोकेही ज्याचे त्याचे निराळे आहेत. ईपीएबीएक्सचा शत्रू म्हणजे वळवाचा पाऊस. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून गेलेल्या पेअरवर विजेचा आघात झाला की अख्खे कार्ड जळते, आणि एमडीएफमध्ये संरक्षक मॉड्यूल व नीट अर्थिंग नसेल तर शेजारची कार्डेही जातात. आयपी-पीबीएक्समध्ये नंबर खात्याचा असल्यामुळे पासवर्ड ज्याच्या हाती तो तुमचे एक्स्टेन्शन होतो. सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवला आणि २१४ चा पासवर्डही २१४ च ठेवला तर असे सर्व्हर शोधत फिरणाऱ्यांना तो सापडतो आणि रात्रभर परदेशी कॉल होतात. आयएसडी बंद ठेवणे, लांब पासवर्ड आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा सुरक्षित मार्ग) या तीन गोष्टींत मी तडजोड करू देत नाही.

तरीही सगळे तारेवरचे फोन काढून टाकावेत असे मी म्हणणार नाही. लॅनच्या तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे, तर साधी पेअर त्याहून कितीतरी लांब जाते. कारखान्याच्या फाटकावरची चौकी ४०० मीटरवर असेल आणि तिथे एकच फोन हवा असेल, तर त्यासाठी फायबर, स्विच आणि यूपीएस नेण्यापेक्षा जुनी पेअर ठेवणे शहाणपणाचे ठरते. अशा वेळी आयपी-पीबीएक्सला गेटवे, म्हणजे साधी तार आणि नेटवर्क यांना जोडणारा डबा, जोडतात. त्याच्यावर दोन प्रकारचे पोर्ट असतात, एफएक्सएस आणि एफएक्सओ, आणि मागणी नोंदवताना यांतच सर्वाधिक चुका होतात. फोन ज्याला जोडायचा तो एफएक्सएस, कारण तो वीज आणि रिंग देतो. बाहेरून आलेली लाइन ज्याला जोडायची तो एफएक्सओ, कारण तो रिंग घेतो. फाटकावरच्या फोनसाठी एफएक्सओचा गेटवे मागवला तर तिथे रिसीव्हर उचलल्यावर डायल टोन येणार नाही, कारण दोन्ही टोके दुसऱ्याकडून वीज येण्याची वाट पाहत बसतील.