चायना ग्रासची जेली आणि गोठवलेलं तेल : दोन्ही जेल, धागे मात्र वेगळे

चायना ग्रास घालून लावलेलं दूध ताटलीत थरथरतं, पण सांडत नाही. जपानमध्ये तळणीचं उरलेलं तेल टाकण्यासाठी एक पूड मिळते. तेल गरम असतानाच ती ढवळून विरघळवायची; तेल गार झालं की घट्ट बसतं आणि उलथन्याने कढईतून सोडवून कचऱ्यात टाकता येतं. दोन्हींत बहुतेक भाग द्रवाचाच, दोन्ही जेल, दोन्ही तापवली की वितळतात. म्हणून दोन्ही एकाच जातीची समजली जातात. तशी ती नाहीत.

चायना ग्रास म्हणजे अगर, समुद्री शैवालातून काढलेली शर्करांची लांबलचक साखळी. एकेका साखळीचा रेणुभार लाखाच्या आसपास. ही साखळी शैवालानेच आधी तयार करून ठेवलेली असते. उकळत्या पाण्यात ती उलगडते, गार होताना साखळ्या एकमेकींना वळसे घालतात आणि जाळ्यात पाणी अडकतं.

जपानी पुडीतला रेणू त्यापुढे अगदीच चिमुकला. १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल, रेणुभार जेमतेम ३००, आणि येतो तो आपल्या एरंडेलातून. एरंडेलातल्या मेदाम्लांपैकी ८५ ते ९० टक्के रिसिनोलिइक आम्ल असतं. त्याला हायड्रोजन जोडला की हे आम्ल मिळतं. गरम तेलात त्याचे रेणू सुटे फिरतात. तेल निवू लागलं की एका टोकाचे आम्लगट जोडीने जुळतात, आणि बाराव्या कार्बनवरचे हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंध करत रांग लावतात. रांगेचा पीळदार तंतू होतो, तंतूंचं जाळं होतं. तेलात शेकडा तीनेक भाग पूड त्याला पुरते. हा धागा कुणी आधी विणून दिलेला नसतो. तो कढईतच जुळतो आणि तापवला की पुन्हा सुट्या रेणूंत विखुरतो.

एका गटाने किती फरक पडावा! स्टिअरिक आम्लातही अठराच कार्बन, फक्त तो हायड्रॉक्सिल नाही. त्याचे चपटे स्फटिक पडतात, असे तंतू होत नाहीत. एरंडाच्या झाडात तो गट नेहमी एकाच बाजूला वळलेला असतो. प्रयोगशाळेत डावी-उजवी रूपं समसमान मिसळली, तर लांब तंतूंऐवजी पातळ चकत्या होतात आणि जेल कमकुवत निघतं.

‘तापवल्यावर वितळलं, म्हणजे छोट्या रेणूंचं जेल’ ही कसोटी मला सर्वांत फसवी वाटते. अगरही सुमारे ८५ अंशांना वितळतं. डायपरमधलं जेल वितळत नाही, कारण त्याच्या साखळ्या एकमेकींना पक्क्या सहसंयुज बंधांनी बांधलेल्या असतात. पण ही दोन्ही पॉलिमरचीच, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचीच जेलं. त्यापेक्षा जेल वितळल्यावर चमच्याने ढवळून पाहावं. अगरचं गरम पाणी साध्या पाण्यापेक्षा दाट लागतं, कारण लांब साखळ्या शाबूत असतात. पूड विरघळलेलं गरम तेल मात्र जवळपास नुसत्या गरम तेलासारखंच पातळ असतं. त्यात धागा उरलेलाच नसतो.

धागा तिथल्या तिथे जुळतो आणि सुटतो, यातच या जेलांचा उपयोग आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संतनु भट्टाचार्य आणि यमुना कृष्णन-घोष यांनी २००१ मध्ये ॲलॅनिन या अमिनो आम्लाला मेदाम्लाची शेपटी जोडलेला एक रेणू वापरून दाखवला : तेल-पाण्याच्या मिश्रणात तो फक्त तेलाचं जेल करतो, पाणी तसंच राहतं. समुद्रात सांडलेलं तेल गोळा करण्याची ही वाट मला फार मोलाची वाटते. औषधांतही तेच तत्त्व आहे. ॲक्रोमेगाली (वाढीचं संप्रेरक जास्त झाल्याने हातपाय, चेहरा वाढत जाण्याचा विकार) यावरचं लॅनरिओटाइड हे आठ अमिनो आम्लांचं पेप्टाइड पाण्यात स्वतःच नळ्या रचून जेल होतं. ते त्वचेखाली खोलवर टोचलं की आठवडेच्या आठवडे हळूहळू सुटत राहतं.

याच गुणाचा एक तोटाही आहे. अशी बरीच जेलं पूर्ण स्थिरावलेली नसतात. परीक्षानळी उलटी धरली तरी न ओघळणारं जेल काही दिवसांनी पाहावं, तर तंतूंचे स्फटिक होऊन तळाशी बसलेले आणि वर द्रव मोकळा. अगरची जेली फार तर थोडं पाणी सोडते. म्हणून नव्या रेणूचं जेल झालं, एवढ्यावर काम थांबत नाही. ते किती दिवस जेल राहतं, हे तपासावंच लागतं.