सामन्यात घातलेल्या जर्सीचा फोटोमॅच : अर्ज कोणी करावा, काय पाठवावे आणि अर्ज कुठे अडतो

खेळाडूने प्रत्यक्ष सामन्यात घातलेली जर्सी आपल्याकडे आहे असे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण ते छायाचित्रावरून सिद्ध करू शकणारे फार थोडे असतात. जर्सी आणि त्या सामन्यातील छायाचित्र शेजारी ठेवून केलेल्या पडताळणीला संग्राहकांमध्ये ‘फोटोमॅच’ म्हणतात. हे काम करणाऱ्या नामांकित संस्था मुख्यतः अमेरिकेत आहेत आणि मोठ्या किमतीच्या जर्सीबरोबर अशा पडताळणीचे पत्र असावे, अशी लिलावगृहांची अपेक्षा असते. मुंबई-पुण्यातील आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या काही ओळखीच्या संग्राहकांचे अर्ज तयार करायला मी गेली काही वर्षे मदत करतो. परत आलेले जे अर्ज मी पाहिले, त्यांतल्या फार थोड्या जर्सी खोट्या होत्या. बहुतेक अर्जदारांनी मन लावून कागद जमवले होते, मात्र ते कागद विचारलेल्या प्रश्नाचे नव्हते.

प्रश्न अगदी अरुंद असतो : तुमच्या हातात असलेले हेच कापड या छायाचित्रात दिसते का? खेळाडू तोच आहे, संघ तोच आहे, नमुना तोच आहे, क्रमांक तोच आहे, या सगळ्याने एवढेच ठरते की जर्सी त्या प्रकारची आहे. तशी जर्सी दुकानातूनही आणता येते. शिवाय एका खेळाडूसाठी एका हंगामात अनेक जर्सी तयार होतात आणि त्यांतल्या काही कधी अंगावर चढतही नाहीत. म्हणून तपासनीस अशी खूण शोधतो, जी त्या एकाच कापडावर असेल. बास्केटबॉलच्या जाळीदार जर्सीवर क्रमांक शिवताना त्याच्या कडेखाली एक छिद्र अर्धे झाकले जाते आणि शेजारचे पूर्ण उघडे राहते. दुसरी जर्सी शिवायला घेतली की तोच क्रमांक एक-दोन मिलिमीटर सरकतो आणि छिद्रांची ती रांग पुन्हा तशीच येत नाही. बेसबॉलच्या उभ्या रेघांच्या जर्सीत खांद्याच्या शिवणीपाशी पुढची आणि मागची रेघ किती चुकते, हे पाहतात. आइस हॉकीत काठीचे ओरखडे आणि फाटल्यावर घातलेले रफूचे टाके कामी येतात, कारण दोन ठिकाणचे रफू कधीच सारखे नसते.

अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू मॅराडोना याची जर्सी या बाबतीत उत्तम उदाहरण आहे. २२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीतील अझ्टेका मैदानावर विश्वचषकातील अर्जेंटिना-इंग्लंड सामना झाला आणि सामन्यानंतर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने मॅराडोनाशी जर्सी बदलली. उकाड्यात हलके कापड हवे म्हणून अर्जेंटिनाच्या संघाने या सामन्यासाठी निळ्या जर्सी मेक्सिको सिटीतल्याच दुकानातून आणल्या होत्या आणि त्यांच्यावर बोधचिन्ह व चंदेरी क्रमांक घाईघाईने लावून घेतले होते. २०२२ मध्ये सदबीज या लिलावगृहाने हॉजला मिळालेली ती जर्सी विक्रीला काढली, तेव्हा मॅराडोनाच्या मुलीने जाहीर आक्षेप घेतला की ही जर्सी पहिल्या अर्ध्यातली आहे. त्या सामन्यातले मॅराडोनाचे दोन्ही गाजलेले गोल दुसऱ्या अर्ध्यातले असल्यामुळे आक्षेप गंभीर होता. लिलावगृहाने बोधचिन्ह, पट्टे आणि क्रमांक यांच्यावरील बारकावे छायाचित्रांशी ताडून ती दोन्ही गोलांच्या वेळी अंगावर असल्याचे सांगितले आणि त्या मे महिन्यात ती ७१,४२,५०० पौंडांना विकली गेली. हाताने घाईत केलेल्या कामातला कमी-जास्तपणा इथे पुरावा ठरला. या प्रकरणातून अर्जदाराने एक गोष्ट घ्यावी. नुसता ‘अमुक सामना’ लिहून भागत नाही, कारण खेळाडू मध्यंतरात जर्सी बदलतात. कोणता अर्ध, कोणता डाव, कोणते सत्र, हे माहीत असेल तितके लिहावे आणि माहीत नसेल तर अंदाजाने लिहू नये.

पात्रता

जर्सीचा मालक किंवा त्याने लेखी अधिकार दिलेली व्यक्ती अर्ज करू शकते. राष्ट्रीयत्वाची अट नसते. फोटोमॅचमुळे मालकी मात्र सिद्ध होत नाही, ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये ह्यूस्टनच्या सुपर बोलनंतर, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यानंतर, खेळाडू टॉम ब्रेडीची जर्सी कपडे बदलण्याच्या खोलीतून चोरीला गेली आणि पुढच्याच महिन्यात मेक्सिकोत सापडली. अशी जर्सी छायाचित्राशी शंभर टक्के जुळेल, तरीही ती चोराची होणार नाही.

सगळ्या जर्सी सारख्या जुळण्याजोग्या नसतात, आणि क्रिकेटप्रेमींची निराशा इथेच होते. १९८३ चा विश्वचषक पांढऱ्या कपड्यांत खेळला गेला आणि पाठीवर नाव किंवा क्रमांक नव्हता. विश्वचषकात रंगीत कपडे १९९२ मध्ये आले, पाठीवरचे क्रमांक १९९९ मध्ये. कसोटीच्या पांढऱ्या सदऱ्यांवर नाव-क्रमांक दिसू लागले ते ऑगस्ट २०१९ मधील अ‍ॅशेस मालिकेपासून. त्याआधीच्या कसोटीच्या सदऱ्यावर जुळवण्यासारखे म्हणजे बोधचिन्हाची जागा, गुंड्यांची पट्टी आणि शिवणी. अलीकडच्या जर्सींमध्ये नाव, क्रमांक आणि प्रायोजकाचे चिन्ह बऱ्याचदा कापडातच छापलेले असते, त्यामुळे त्या एकमेकींसारख्या दिसतात. पण कापड कापून शिवताना बगलेखालचा रंगाचा पट्टा पुढून मागे जाताना शिवणीवर थोडा तुटतो. तो किती तुटला, ते प्रत्येक जर्सीत वेगळे असते. आशा ठेवायची तर तिथे ठेवावी.

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलची वस्तू असेल तर आधी तिच्यावर होलोग्राम आहे का ते पाहावे. लीगची स्वतःची प्रमाणीकरण योजना २००१ पासून चालू आहे. तिचा माणूस सामन्याला हजर असतो आणि वस्तूवर क्रमांकित होलोग्राम चिकटवतो. तो क्रमांक लीगच्या नोंदीत सापडला तर निम्मे काम झाले.

अर्जाचे टप्पे

टप्पे साधे आहेत. अर्ज भरायचा, जर्सीची प्राथमिक छायाचित्रे पाठवायची, शुल्क भरायचे, संस्थेने बोलावल्यावर जर्सी विम्यासह पाठवायची आणि निर्णयाची वाट पाहायची. जुळणी झाली नाही तर शुल्काचे काय होते, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

अर्ज अडतो तो इथे

सर्वांत आधी कळकळीची विनंती : जर्सी धुऊ नका, इस्त्री करू नका, सुटलेला धागा कापू नका, उसवलेली शिवण दुरुस्त करू नका. एका गृहस्थांनी मला आणून दाखवलेली जर्सी तीस वर्षे कपाटात तशीच होती. परीक्षेला पाठवायची म्हणून घरच्यांनी ती प्रेमाने धुतली, कडक इस्त्री केली आणि खांद्यावरचा उसवलेला टाका सारख्याच रंगाच्या दोऱ्याने नीट घालून दिला. सामन्याच्या छायाचित्रात तोच उसवलेला टाका भिंगाखाली स्पष्ट दिसत होता. घरच्यांचा त्यात काही दोष नव्हता, कारण त्यांना कोणी आधी सांगितलेच नव्हते.

खुणांचा हिशेब दोन दिशांनी वेगवेगळा लागतो आणि बहुतेक अर्जदार इथे गोंधळतात. जर्सीवर आज असलेला डाग छायाचित्रात नसेल तर घाबरू नये, तो नंतर पडलेला असू शकतो. मातीचा किंवा गवताचा डाग छायाचित्रात आहे आणि जर्सीवर नाही, यानेही काही बिघडत नाही, कारण डाग धुतला जातो. मात्र क्रमांकाची जागा, बोधचिन्हाचा कल किंवा जाळीची छिद्रे छायाचित्रात एक सांगत असतील आणि कापडावर दुसरे दिसत असेल, तर ती जर्सी वेगळी आहे आणि कितीही जुळणारे डाग तिला वाचवू शकत नाहीत. म्हणून अर्जात आधी न बदलणाऱ्या खुणा दाखवाव्यात, डाग शेवटी.

छायाचित्रांविषयी. समाजमाध्यमांवरून उतरवलेला फोटो, दूरचित्रवाणीच्या जुन्या चित्रफितीतून थांबवून घेतलेली चौकट किंवा मासिकातले छापील पान स्कॅन करून पाठवले जाते आणि ते नाकारले जाते, कारण वाढवून पाहिले की दोऱ्याऐवजी चौकोनी ठिपके किंवा छपाईचे टिंब दिसतात. गेटी किंवा असोसिएटेड प्रेस यांसारख्या वृत्तछायाचित्र संस्थांच्या संग्रहात मूळ आकाराचे चित्र, तारीख आणि चित्राखालची माहितीची ओळ असलेली नोंद शोधावी. एकच चित्र पुरेल या भरवशावर राहू नये. पुढून, मागून आणि बाजूने घेतलेली वेगवेगळी चित्रे असली की एकात सुरकुतीमुळे लपलेली खूण दुसऱ्यात सापडते. जर्सीचे फोटो तुम्ही काढणार असाल तर ती पांढऱ्या चादरीवर सपाट पसरावी, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, शेजारी मोजपट्टी ठेवून काढावेत. आतली बाजू आणि लेबलेही घ्यावीत. हे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखे पाठवले की ते दाबले जातात आणि धागे नाहीसे होतात, म्हणून फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. फ्रेममध्ये बसवलेली जर्सी काचेतून तपासता येत नाही. ती मागच्या पुठ्ठ्याला चिकटवली असेल तर स्वतः ओढू नये, जाणकाराकडून सोडवून घ्यावी.

आता तो कागद, जो कोणाजवळच नसतो. अर्जात विचारले जाते की जर्सी खेळाडूकडून तुमच्यापर्यंत कशी आली, आणि अपेक्षा असते संघाच्या किंवा संघाचे साहित्य सांभाळणाऱ्याच्या पत्राची. ज्याने ती चाळीस वर्षांपूर्वी ड्रेसिंग रूमच्या दारात हातात घेतली, त्याला असे पत्र कोण देणार होते? मग लोक मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र करतात, नोटरीचे दोन-तीन शिक्के उठवून आणतात आणि तेच मुख्य पुरावा म्हणून जोडतात. मला या मागणीतला कोरडेपणा खटकतो. ज्या पडताळणीचा सारा भर छायाचित्रावर आहे, तिने अर्जाच्या पहिल्याच पानावर अशक्य कागद मागून साध्या माणसाला का घाबरवावे? तरीही ती जागा रिकामी सोडू नये. जर्सी कोणी, कोणाकडून, साधारण कधी घेतली, मध्ये कुठे ठेवली, हे एका पानात सरळ लिहावे. त्या काळचे पत्र, प्रवासाचे तिकीट, घरच्या अल्बममधला जर्सीसह काढलेला फोटो असे काही असेल तर जोडावे. प्रतिज्ञापत्र सोबत असायला हरकत नाही, पण त्याने छिद्रांची रांग जुळत नाही.

तारखेचा घोटाळा तर भारतातून गेलेल्या अर्जांत हमखास होतो. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनची १९९८ च्या एनबीए या अमेरिकी लीगच्या अंतिम मालिकेतील पहिल्या सामन्याची जर्सी २०२२ मध्ये सुमारे १ कोटी १ लाख डॉलरना विकली गेली. तो सामना ३ जूनला झाला आणि तिकडच्या कागदावर तो ६/३/१९९८ असा लिहिला जाईल. आपण तो ६ मार्च वाचतो आणि मार्चमधल्या छायाचित्रांत हरवून जातो. त्यात सॉल्ट लेक सिटीतील रात्रीचा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतो, त्यामुळे इथल्या वर्तमानपत्रातली तारीख पुन्हा वेगळी. अर्जात महिना अक्षरांत लिहावा आणि तारीख सामना झाला त्या गावची असावी.

मुदतीचेही तसेच. लिलावगृह जी अंतिम तारीख देते, ती अनेकदा जर्सी आणि पडताळणीचे पत्र दोन्ही त्यांच्या हाती पडण्याची असते, आणि लोक तिला अर्ज करण्याची तारीख समजतात. तपासणीचा कालावधीही अर्ज भरल्यापासून धरू नये. जर्सी आणि लागणारी सगळी छायाचित्रे संस्थेकडे पोचल्यावर तो सुरू होतो असे समजून चालावे आणि नेमके काय ते लेखी विचारावे.

भारतातून जर्सी तपासणीसाठी पाठवून परत आणायची असेल तर सीमाशुल्काचा कागद पाठवतानाच नीट करून घ्यावा. गेलेली वस्तू आणि परत आलेली वस्तू एकच आहे, हे अधिकाऱ्याला पटले पाहिजे. निर्यातीच्या कागदावर नुसते ‘जुना शर्ट’ लिहिले असेल तर परतताना ती नव्याने आयात झालेली महागडी वस्तू ठरू शकते आणि शुल्क मागितले जाते. जर्सीचे वर्णन, मापे, लेबल, क्रमांक आणि छायाचित्रे त्या कागदाबरोबर नोंदवून घ्यावीत. परत येण्यासाठी मुदतीची अटही असते, ती पाठवण्यापूर्वी कस्टम्स एजंटाकडून विचारून लिहून ठेवावी.

पत्र आले की

पत्रात ज्या सामन्याचे नाव असते, तेवढ्या सामन्यापुरतीच जुळणी असते. एका सामन्याची जुळणी संपूर्ण हंगामाची मानून विक्रीच्या जाहिरातीत लिहू नये. ‘नमुना जुळतो’ असे पत्र आले तर ते फोटोमॅचचे पत्र नाही, हेही ग्राहकाला सांगावे. किमतीबाबत धीर धरावा. बेसबॉलपटू बेब रूथने १९३२ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या, तिसऱ्या सामन्यात घातलेली जर्सी २००५ मध्ये ९,४०,००० डॉलरना आणि ऑगस्ट २०२४ मध्ये २ कोटी ४१ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. दुसऱ्या विक्रीच्या वेळी फोटोमॅच जमेस होता, पण सगळी वाढ त्याचीच असे म्हणता येणार नाही.

जुळणी न झाल्याचे पत्र म्हणजे जर्सी खोटी असल्याचा निकाल नसतो. तपासनिसासमोर आलेल्या छायाचित्रांत पुरेशी खूण दिसली नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी कोणती छायाचित्रे तपासली त्यांची यादी मागून घ्यावी, म्हणजे पुढच्या अर्जात तीच पुन्हा जाणार नाहीत. जुन्या निगेटिव्ह अजूनही स्कॅन होऊन संग्रहांत येत असतात. जर्सी आम्लविरहित कागदात, अंधारात, घडीची जागा अधूनमधून बदलत ठेवावी आणि वर्षातून एकदा त्या सामन्याच्या नव्या चित्रांचा शोध घ्यावा.