मूल सांभाळायचं तर आधी लग्न: एका अटीचा इतिहास

जून 2024 मध्ये केंद्र सरकारने प्रतिपालकत्वाची, म्हणजे मूल दत्तक न घेता काही काळ घरी सांभाळण्याची (फॉस्टर केअर), नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. 2016 च्या तत्त्वांनुसार हे काम फक्त विवाहित जोडप्याकडेच जात होतं. आता 35 ते 60 वयाच्या अविवाहित, विधवा, विधुर किंवा घटस्फोटित व्यक्तीलाही मूल सांभाळता येतं, आणि दोन वर्षांनी त्याला दत्तक घेण्याची वाट मोकळी होते. मुंबईतल्या मानखुर्द किंवा डोंगरीच्या बालगृहात वाढणाऱ्या, दत्तक जाण्याचं वय उलटून चाललेल्या मुलांसाठी हा बदल फार मोलाचा आहे. समलिंगी जोडप्याला मात्र त्याने काहीच दिलं नाही. त्यांना मनाई आहे असं आपल्या कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. जोडपं म्हणून अर्ज करायचा तर लग्न हवं, एवढंच लिहिलंय; आणि त्यांचं लग्न कायदा मानत नाही.

नाव घेऊन बंदी घालणारे कायदे अमेरिकेत झाले. अनिता ब्रायंट या गायिकेने मुलांच्या रक्षणाच्या नावाखाली समलिंगींविरुद्ध मोहीम उघडली, त्याच वर्षी, 1977 मध्ये, फ्लोरिडाने त्यांना दत्तक घेण्यास बंदी केली. पण प्रतिपालक म्हणून त्याच माणसांकडे सरकार मुलं पाठवत राहिलं. मार्टिन गिल या समलिंगी गृहस्थांकडे 2004 मध्ये दोन लहान भाऊ असेच आले. ते भाऊ दत्तक मिळावेत म्हणून त्यांना कोर्टात जावं लागलं, आणि 2010 मध्ये ती बंदी गेली.

आर्कान्सा राज्यातली गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे. घरात एकही प्रौढ समलिंगी असेल तर प्रतिपालकत्व नाही, हा तिथला 1999 चा नियम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये मोडीत काढला. दोनच वर्षांत जनमत घेऊन नवा कायदा आणला गेला: लग्नाशिवाय जोडीदारासोबत राहणाऱ्या कुणालाही मूल द्यायचं नाही. समलिंगींचा उल्लेख गेला, बंदी राहिली. 2011 मध्ये तो कायदाही रद्द झाला.

आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 2018 पर्यंत डोक्यावर होतं. गृहभेटीला आलेल्या समाजसेविकेला खरं सांगणं म्हणजे गुन्ह्याची कबुली देण्यासारखंच. मग सोबत राहणारी व्यक्ती रूम पार्टनर किंवा मावसबहीण व्हायची. कलमाचा धाक गेला तरी 2022 च्या दत्तक नियमावलीत जोडप्याला किमान दोन वर्षांच्या स्थिर वैवाहिक जीवनाची अट आहेच. एकट्या व्यक्तीला दत्तक घेता येतं, पण पुरुषाला मुलगी मिळत नाही. त्यात जून 2022 मध्ये ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाने परिपत्रक काढून लग्नाशिवाय जोडीदारासोबत राहणाऱ्या एकट्या अर्जदारालाही बाहेर ठेवलं. म्हणजे आर्कान्साचीच वाट.

समलिंगी विवाहाला मान्यता मागणाऱ्या सुप्रियो खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी 17 ऑक्टोबर 2023 ला दिला; त्यात तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांनी दत्तक नियमावलीतली वैवाहिक जीवनाची अट घटनाबाह्य ठरवली. उरलेल्या तिघांनी ती कायम ठेवली, आणि जानेवारी 2025 मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. याच खटल्यात राष्ट्रीय बाल हक्क आयोग समलिंगी जोडप्यांच्या दत्तक हक्काविरुद्ध उभा होता, तर दिल्लीचा बाल हक्क आयोग बाजूने. एकाच कामासाठी नेमलेल्या दोन संस्थांनी मुलाचं हित दोन टोकांना पाहावं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत बोलकं वाटतं.

मुंबईला हा प्रश्न कागदावरून कळलेला नाही. मालवणीत काम करणाऱ्या गौरी सावंत यांनी आई गमावलेल्या एका मुलीला वाढवलं. त्या पारलिंगी आहेत, त्यामुळे त्यांची कायदेशीर अडचण वेगळी. पण आई म्हणून सगळं करूनही कागदावर आई नसणं म्हणजे काय, हे शहराने त्यांच्याकडे पाहून ओळखलं.

समलिंगी जोडप्यात आज दोघांपैकी एकानेच, एकटा किंवा एकटी म्हणून, मूल घ्यायचं. शाळेच्या फॉर्मवर एकच सही चालते. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर दुसऱ्याचा हक्क नाही. दत्तक घेणारी व्यक्ती गेली, तर जिच्या हातचं खाऊन मूल वाढलं तिच्याकडे ते राहीलच याची कायद्यात हमी नाही, आणि तिच्या घरावर, पैशावर मुलाचा वारसाहक्कही नाही. अट कायम ठेवणाऱ्या न्या. भट यांनीही निकालपत्रात मुलाच्या या नुकसानीकडे सरकारचं लक्ष वेधलं आहे. नियमावलीतली अट अजून तशीच आहे.